अंगठी आधी उलटी करा

वाचकांचे प्रश्न : या वेळचा विषय आहे इंग्लंडमधल्या जॉर्जियन (1714 ते 1837) आणि व्हिक्टोरियन (1837 ते 1901) काळातल्या खड्यांच्या अंगठ्या.

लंडनच्या रविवारच्या जुन्या बाजारात लाल खड्याची एक अंगठी 'जॉर्जियन' म्हणून दाखवली. खडा मागून पूर्ण बंद आहे, शिक्का एकही नाही. विक्रेता म्हणतो, त्या काळी शिक्के नसतच. विश्वास ठेवावा का? (वाचक, लंडन)

तो सांगतो ते खरे आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. खडे जडवलेल्या दागिन्यांना 1738 च्या कायद्याने हॉलमार्कच्या सक्तीतून सूट दिली होती, त्यामुळे त्या काळच्या बहुतेक अंगठ्या कोऱ्याच असतात. पण काल ओतलेली अंगठीही कोरीच असते.

म्हणून खडा बघण्याआधी अंगठी उलटी करा. दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला टेकवा आणि अंगठी भिंगाजवळ आणा. बहुतेक जण नेमके उलटे करतात, म्हणजे भिंग अंगठीजवळ धरतात आणि डोळा लांब ठेवतात. मग काहीच धड दिसत नाही.

जॉर्जियन कोंदण म्हणजे सोन्याची किंवा चांदीची छोटी वाटी. तिच्या तळाशी रंगीत किंवा चांदीचा चमकदार पातळ पत्रा, म्हणजे फॉइल, आणि त्यावर खडा. आपल्या कुंदनकामातही खड्याखाली असाच पत्रा ठेवतात. कारणही तेच : मेणबत्तीच्या उजेडात खड्याने पेटून उठावे. वाटीची कड खड्यावर दाबून बसवलेली असते आणि बाहेरून हत्याराने उभे काप दिलेले असतात. हाताने दिलेले हे काप एकसारखे नसतात. सगळे मोजून मापून सारखे दिसले की संशय घ्या.

त्यानंतर आतला भाग पाहा. साच्यात ओतलेल्या नकलेत कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक खड्डे, रवाळपणा आणि गोलसर, मऊ कडा दिसतात. हाताच्या कामात कानसीच्या रेघा असतात, आणि पट्टी वाकवून जोडली तिथे झाळीची रेघ सापडते.

झीज हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. दोनशे वर्षे वापरलेली अंगठी तळहाताच्या बाजूला पातळ होते. लाल खडा तामडा, म्हणजे गार्नेट, असेल तर त्याच्या पैलूंच्या धारा बोथट झालेल्या असतात. खडा झिजलेला आणि पट्टी जाडजूड, कोरी करकरीत असेल तर पट्टी नंतरची. पट्टी झिजलेली आणि खडा धारदार असेल तर खडा बदललेला.

टायपिनचे डोके, कानातले किंवा बटण घेऊन त्याला पट्टी जोडण्याचा उद्योग फार जुना आहे. अशा अंगठीचे डोके खालून सपाट असते, बोटाच्या गोलाईशी जुळत नाही, आणि जोडावर झाळीचा रंग वेगळा दिसतो. अशी अंगठी घेऊ नये असे नाही, पण ती त्या किमतीतच घ्यावी. पावतीवर काळ, खड्याचे नाव, फॉइल आहे की नाही आणि पट्टी मूळची की नंतरची, या चार गोष्टी लिहून मागा. विक्रेता 'जॉर्जियन स्टाइल' असे लिहायला लागला की समजा, अंगठी नवी आहे.

हिऱ्याची असेल तर आणखी एक. त्या काळी पांढऱ्या हिऱ्याला सोने पिवळा रंग देई, म्हणून हिरे चांदीत बसवत. चांदीने बोट काळे पडू नये म्हणून मागे सोन्याचा थर देत. प्लॅटिनम अंगठ्यांत रुळले ते 1900 च्या आसपास. म्हणून 'जॉर्जियन' म्हणून दाखवलेल्या अंगठीत मूळची म्हणून सांगितलेली प्लॅटिनमची कोंदणे असतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आजेसासूबाईंच्या अंगठीत जहाजाचा नांगर, '15', '.625' आणि एक अक्षर असे शिक्के आहेत. आमचा सोनार म्हणतो, पंधरा कॅरट असे काही नसतेच. (वाचक, नाशिक)

असते, म्हणजे होते. इंग्लंडमध्ये 1854 साली 15, 12 आणि 9 कॅरटला मान्यता मिळाली. 1932 मध्ये 15 आणि 12 बंद करून त्यांच्या जागी 14 आणले. तुमच्या अंगठीचा काळ एवढ्यानेच या 78 वर्षांत बसला. 24 पैकी 15 भाग म्हणजे 62.5 टक्के सोने, त्याचाच तो .625. कसोटीवर ते 14 आणि 18 च्या मध्ये येते, म्हणून सोनार चक्रावतो.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचे तपासणी कार्यालय, जे 1773 मध्ये सुरू झाले. लंडनचा शिक्का बिबट्याचे तोंड, चेस्टरचा तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार, एडिनबरोचा किल्ला. अक्षर म्हणजे वर्ष. पण नुसते अक्षर वाचून उपयोग नाही. अक्षराचा वळसा आणि भोवतालच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवावे लागतात, कारण वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि तेच अक्षर दर फेरीत परत येते. शिवाय बर्मिंगहॅमचे अक्षर वर्षाच्या मध्यावर बदलत असे, म्हणून एक अक्षर दोन कॅलेंडर वर्षांत पसरते. राजा किंवा राणीचे छोटे डोके दिसले तर तो कर भरल्याचा शिक्का. तो 1784 ते 1890 एवढाच चालला, म्हणजे अंगठी 1890 नंतरची नाही.

मुकुटाने फसू नका. सोन्यावर 18 किंवा 22 शेजारी मुकुट म्हणजे सोन्याची प्रत. जुन्या चांदीवर मुकुट म्हणजे शेफील्ड शहर. गरुडाचे डोके दिसले तर अंगठी इंग्लंडची नाहीच, ती 18 कॅरटची फ्रेंच आहे, 1838 नंतरची.

आणि सोनाराला अंगठी दाखवताना आधीच सांगा : मोडीचा भाव नको, पॉलिश नको, रोडियम, म्हणजे पांढऱ्या चमकदार धातूचा मुलामा, तर अजिबात नको. पॉलिश करताना पहिला बळी शिक्क्याचा जातो.

जुनी जांभळ्या खड्याची अंगठी साबणाच्या पाण्यात भिजवली. दुसऱ्या दिवशी अर्धा खडा काळपट. आता? (वाचक, रत्नागिरी)

खड्याला काही झालेले नाही. पाणी वाटीत शिरले आणि फॉइल गेले. वाटी बंद असली तरी खड्याची कड आणि धातू यांच्यात केसाएवढी फट असते. पाणी त्या फटीतून आत ओढले जाते आणि परत बाहेर येत नाही. आत चांदीचे किंवा तांब्याचे पातळ पान असते, ते काळे पडते. सुरुवात कडेने होते, म्हणून आधी चंद्रकोरीसारखा डाग दिसतो आणि मग तो आत सरकतो.

हे परतवता येत नाही. आता काय करू नये ते महत्त्वाचे : हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवू नका, कोमट तव्यावर तर नाहीच. अंगठी उलटी करून कोरड्या सुती कापडावर, पंख्याच्या वाऱ्यात, तीन-चार दिवस राहू द्या. डाग थांबला तर तशीच ठेवा. नवे फॉइल घालणारे कारागीर मिळतात, पण वाटीची कड उघडून परत दाबावी लागते. ती कड म्हणजेच अंगठीच्या वयाचा पुरावा. संग्राहकाला डाग पडलेले मूळ फॉइल चालते, उघडून परत दाबलेली कड खटकते.

यापुढे बंद पाठीची अंगठी पुसायची ती कोरड्या मऊ ब्रशने, लहान मुलांच्या दातांच्या ब्रशने सुद्धा. पट्टीवर मळ असेल तर कापसाची काडी जेमतेम ओलसर करून फक्त पट्टीवर फिरवा. अल्ट्रासॉनिक मशीन, वाफ, तेजाब हे तिन्ही बंद.

कोकणातल्या पावसात घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पुडी वेळच्या वेळी बदला. एक अपवाद : ओपलच्या अंगठ्या त्या डबीत नकोत. ओपलमध्ये मुळातच पाणी असते, फार कोरडे झाले तर त्याला तडे जातात. आणि डबीला रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

माणकाच्या अंगठीवर 1912 चा शिक्का आहे. प्रयोगशाळेने माणिक कृत्रिम असल्याचे कळवले. फसवणूक झाली ना? (वाचक, इंदूर)

बहुधा नाही. ऑगस्ट व्हर्न्यू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत पूड वितळवून माणिक बनवण्याची रीत 1902 मध्ये जाहीर केली. लगेच ते माणिक खऱ्या हिऱ्यांच्या शेजारी, चांगल्या सोन्यात बसू लागले. म्हणजे 1912 च्या अंगठीत ते मूळचे असू शकते, आणि मग अंगठी अस्सल आहे, खडा कृत्रिम आहे. दोन्ही खरे. हाच खडा 1880 च्या शिक्क्याच्या अंगठीत निघाला असता तर तो नंतर बसवलेला, हे नक्की. भिंगातून अशा माणकात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वळणदार रेघा आणि गोल बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकाच्या रेघा सरळ असतात, कोनात वळतात.

व्हिक्टोरियन निळ्या-हिरव्या खड्यांत याहून जास्त गंडवणारा प्रकार म्हणजे जोडखडा. खालचा सगळा खडा रंगीत काचेचा आणि वरच्या माथ्यावर तामड्याची पातळ चकती वितळवून चिकटवलेली. तामडा कठीण, म्हणून पैलूंची धार टिकते. काचेच्या रंगापुढे चकतीचा लाल रंग समोरून दिसतच नाही. चाचणी फुकट आहे : उघड्या पाठीची अंगठी खडा खाली करून कोऱ्या पांढऱ्या कागदावर टेकवा, वरून उजेड पडू द्या, आणि खड्याच्या काठाभोवती बघा. निळ्या खड्याभोवती लाल कडे दिसले की संपले. खडा लाल असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा तिरक्या उजेडात वरच्या पैलूंवर जोडाची रेघ शोधा. रेघेच्या वर चमक जास्त आणि खाली कमी असते, आणि जोडाच्या पातळीत बुडबुड्यांचा सपाट थर दिसतो.

काळ्या मिन्याची अंगठी आवडली; आत केसांची वेणी आहे आणि 'ओबी', 'एईटी' असे काहीतरी कोरले आहे. घरचे म्हणतात, मेलेल्या माणसाची वस्तू घरात नको. (वाचक, पुणे)

घरच्यांचा अंदाज बरोबर आहे. ही शोक-अंगठी. 'ओबी' म्हणजे लॅटिनमध्ये निधन झाले, 'एईटी' म्हणजे वय. त्यापुढे तारीख आणि आकडा असतो. मृत्युपत्रात पैसे ठेवून स्नेह्यांना अशा अंगठ्या वाटण्याची पद्धत जुनी. शेक्सपियरने 1616 च्या मृत्युपत्रात तीन सहकारी नटांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी 26 शिलिंग 8 पेन्स ठेवले होते. काळा मिना सर्वसाधारण. पांढरा बहुधा अविवाहितांसाठी किंवा मुलांसाठी.

संग्राहकाला यात रस असतो तो नावामुळे. नाव, तारीख आणि वय तिन्ही असतील तर त्या माणसाचे मृत्युपत्र लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये शोधता येते; मृत्युपत्रे मंजूर करणाऱ्या कँटरबरीच्या धर्मन्यायालयाची मृत्युपत्रे तिथे 1858 पर्यंतची आहेत. मृत्युपत्र सापडले तर अंगठीची किंमत वाढते. मात्र आकडे नीट वाचा : वय कोरताना चुका झालेल्या असतात, आणि झिजलेला 3 हा 8 वाटतो. मिन्याचा तुकडा उडालेला असेल तर नवा भरून घेऊ नका. भट्टीच्या उष्णतेने केस जळतील. घरात ठेवायची की नाही, ते घरच्यांशी बोलून ठरवा.

अंगठी 'एन' मापाची आहे, मला दोन अक्षरे मोठी हवी. (वाचक, पणजी)

इंग्रजी मापात एक अक्षर म्हणजे आतल्या घेरात 1.25 मिमी, म्हणजे तुम्हाला अडीच मिमीचा तुकडा घालावा लागेल. साध्या पट्टीत हे होते. पट्टीवर सगळीकडे कोरीव काम, मिना किंवा अक्षरे असतील तर करू नका. फॉइल, मोती, पिरोजा, ओपल किंवा केस असतील तर साध्या झाळीची उष्णता चालत नाही. लेझर वेल्डिंग करणारा कारागीर शोधा आणि तुकडा त्याच कॅरटचा घ्या. 15 कॅरटला 14 चा तुकडा लावला तर रंगातला फरक कायम दिसत राहील. कापायची जागा तळाशी मधोमध ठरवा, पण आधी तिथे शिक्का नाही हे बघा.

अशी अंगठी भारतात आणून पुढे परदेशात विकता येईल का? (वाचक, मुंबई)

आणताना कस्टममध्ये दाखवा, पावती जवळ ठेवा. दर बदलत असतात, त्या दिवशीचा विचारा. परत पाठवणे मात्र अवघड आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू येतात, आणि अशा वस्तूंची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. विकायचाच विचार असेल तर अंगठी इकडे आणू नका; तिकडेच ठेवा आणि तिकडेच विका.