मुळं उपटू नकोस, खण

ज्वारीच्या वाणांची मुळं कशी वाढतात ते अभ्यासायचंय ना? मग मुळं मोजायचे स्कॅनर, सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी कुदळ घे. मांजरी गावाकडच्या काळ्या रानात ज्वारीचं ताट खेचून काढलंस, तर बारीक मुळं मातीतच राहतात. पहिल्या वर्षी मी तसल्याच बोडक्या मुळांचे फोटो काढून खूश होतो! बुंध्याभोवती वीतभर सोडून खण, ढेकूळ साबणाच्या पाण्यात भिजव, मग हलक्या धारेखाली धू.

सुरुवातीला दोनच गोष्टी बघ:
- मुळांचा कोन. तिरकस-उभी मुळं खोलवरच्या ओलीपर्यंत पोचतात, अवर्षणात तीच कामाची. आडवी पसरलेली वरच्या थरातलं स्फुरद (फॉस्फरस) गाठतात.
- बुंध्याशी फुटलेल्या मुळांची संख्या.

कुंडीवरून शेताचा अंदाज बांधू नकोस. कुंडीत मुळं तळाशी गुंडाळतात. आणि एका ताटावर निष्कर्ष नको, प्रत्येक वाणाची पाच-सहा तरी खण. पाठ दुखेल, दुखू दे.