थकवा आला की लगेच गोळ्या नकोत

थकवा जात नाही म्हणून तुम्ही लोह, जीवनसत्त्वं अशा एकदम पाच गोळ्या सुरू करायच्या म्हणताय, म्हणून आधीच सांगते: थांबा. आधी रक्त तपासा.

आणि नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. शरीर आधी साठवलेलं लोह वापरतं, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. माझंही हिमोग्लोबिन ठीक होतं, पण जिना चढताना धाप लागायची आणि कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. फेरिटिन (रक्तातला हा आकडा लोहाचा साठा दाखवतो) तपासलं तेव्हा कुठे कळलं की साठाच संपलाय. मग लोहाची गोळी सुरू झाली, तर ती मी चहाबरोबर घ्यायचे! चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. क जीवनसत्त्व मात्र सोबत चालतं, उलट मदतच करतं.

बी-१२ जीवनसत्त्वाचं प्रकरण वेगळं. दिवसाला लागतं जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा काही वर्षांचा. त्यामुळे कमतरता फार उशिरा जाणवते. हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. इथे नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसेल आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहील. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांनी तर बी-१२ अधूनमधून तपासावंच.

ड जीवनसत्त्व जेवणानंतर घ्या, ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून मोठा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रिपोर्ट आले की आधी फेरिटिनचा आकडा बघा.