बीटल्स-वूडस्टॉकच्या काळात मराठीत बंडखोर असं काही होतं का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही धुळ्याचे, वय एकवीस, आणि मित्र सारखे वूडस्टॉकच्या, म्हणजे अमेरिकेतल्या १९६९ च्या त्या रॉक महोत्सवाच्या, गोष्टी सांगतात म्हणून विचारताय. होतं की, भाऊ! आणि त्यातलं बरंचसं आपल्याच पट्ट्यातल्या माणसांशी जोडलेलं आहे. याद्या नेटवर ढिगाने मिळतील, मी फक्त माझा क्रम सांगतो.

'जैत रे जैत' (१९७७) या सिनेमापासून सुरुवात करा, पण आधी नुसता ऐका. दिग्दर्शक जब्बार पटेल, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, शब्द ना. धों. महानोरांचे. महानोर पळसखेड्याचे. त्यांचा जिल्हा औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) खरा, पण अजिंठ्याचा डोंगर उतरला की आपलीच काळी माती लागते. मी त्यांना खान्देशातच धरतो, कुणाला भांडायचं असेल तर भांडा. 'मी रात टाकली' आणि 'जांभुळपिकल्या झाडाखाली' ऑर्केस्ट्रावाल्यांनी इतकी वाजवलीत, की ती एका सलग गोष्टीचे तुकडे आहेत हेच लोक विसरले. गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकर आदिवासींची. भगताचा पोर नाग्या, नवरा सोडून आलेली चिंधी, आणि डोंगरावरची राणीमाशी. माणसं बोलतात कमी आणि गातात जास्त. हिंदी सिनेमात गाणं लागलं की गोष्ट थांबते, इथे गाण्यातूनच ती पुढे सरकते. म्हणून सगळी गाणी ओळीने ऐकायची आणि मग सिनेमा पाहायचा.

चिंधीचं काम स्मिता पाटीलचं. जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील आपल्या शिरपूरचे. आपल्याकडे तिचं नाव अभिमानाने घेतात, सिनेमे मात्र फारसे कुणी पाहिलेले नसतात. श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) हिंदी आहे, तरी पाहाच. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. दूध डेअरीचं राजकारण घरबसल्या पाहिलेल्या माणसाला त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. 'उंबरठा' (१९८२) नंतर पाहिला तरी चालेल. चांगलाच आहे, पण माझ्या मते त्यात गाणी सिनेमाच्या पुढे निघून गेली.

खरा दणका 'सामना'चा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि गावात कुठून तरी येऊन टपकलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मास्तरचा एकच प्रश्न : मारुती कांबळेचं काय झालं? पाटील मास्तरला खाऊ घालतो, पाजतो, वाड्यात ठेवून घेतो, पण प्रश्न काही हटत नाही. ज्याच्या गावात कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या निवडणुका होतात त्याला हा सिनेमा पन्नास वर्षं जुना वाटणारच नाही. मला तरी भुताच्या सिनेमापेक्षा याचीच भीती जास्त वाटते. निळू फुल्यांना तुम्ही फक्त 'बाई वाड्यावर या'च्या नकलांतून ओळखत असाल, तर आधी ते डोक्यातून काढून टाका.

पुस्तकांचं विचारलं नाहीत, तरी एक सांगतोच. 'कोसला', १९६३. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. खान्देशातला पोरगा शिकायला पुण्याला जातो आणि बापाचे पैसे उडवून, नापास होऊन गावी परततो. त्याचं डोकं न पटणाऱ्या सगळ्यावर तिरकं चालतं. तुमच्या वयातच वाचा, चाळिशीत वाचणारे उगाच त्याच्या बापाची बाजू घेतात. तेंडुलकरांची प्रस्तावना असलेला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह त्यानंतर घ्या. तो एका बैठकीत पचत नाही.

आता रॉकचं. विजेची गिटार हवी असेल तर यातलं काहीच चालणार नाही. पण रंगमंचावर तसा गजर हवा असेल तर तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला, आणि नाना फडणवीसांची व ब्राह्मणांची बदनामी झाल्याची ओरड होऊन १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या नाट्यसंस्थेने ते थांबवलं. मग त्यात काम करणाऱ्या मंडळींनीच थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढून ते पुन्हा उभं केलं. कीर्तन, लावणी, अभंग सगळं त्यात आहे. बारा-एक पुरुषांची रांग गाते, नाचते, क्षणात भिंत होते आणि क्षणात फुटते. आपल्याकडे किंवा नाशकात कुठे प्रयोग लागलाच तर पुढच्या रांगेचं तिकीट काढू नका, मागे बसा. ती भिंत तिथूनच अख्खी दिसते.