मेमरीचे पॅच वाचण्याचा नाद

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बोर्डाच्या मेमरीची मांडणी बदलणारे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, वाचायचा मला नाद लागलाय. स्वतः मोठा कोड लिहिलेला नाही, एकही पॅच पाठवलेला नाही, पण दुसऱ्यांच्या चुका दिसतात. नुसत्या रिव्ह्यूवर करिअर होतं का? मित्र म्हणतात, वेळ फुकट घालवतोयस.

उत्तर : आधी कडू ते सांगतो. ‘कर्नल रिव्ह्यूअर’ म्हणून फ्रेशरची भरती होत नाही. जागा असतात त्या ड्रायव्हर, फर्मवेअर, बीएसपी (बोर्डासाठीचं मूलभूत सॉफ्टवेअर), बोर्ड ब्रिंग-अप (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करणं) अशा नावांच्या. पण तुझा नाद नेमका तिथेच कामाला येतो, म्हणून तो सोडू नकोस.

‘चुका दिसतात’ म्हणतोस, तर एक करून बघ. बोर्डाला १ जीबी रॅम आहे आणि ती हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ४००००००० या पत्त्यापासून सुरू होते, म्हणजे ८००००००० ला संपते. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, कुणीतरी व्हिडिओसाठी १२८ एमबी राखून ठेवतो : सुरुवात ७९००००००, आकार ०८००००००. दोन ओळींचा बदल, दिसायला निरुपद्रवी. बेरीज कर. (८७ आलं असेल तर दशमानात केलीस, हेक्समध्ये ८१ येतं.) राखीव जागा रॅमच्या टोकाबाहेर १६ एमबी गेली! याला कर्नलचं अगाध ज्ञान लागत नाही, कागद-पेन्सिल लागते. तरीही असं निसटतं, कारण वाचणारा कोडची शैली बघतो आणि आकडे खरे धरून चालतो.

बेरीज जुळली की खरे प्रश्न सुरू होतात. ही जागा सुरक्षित फर्मवेअरची असेल तर ‘नो-मॅप’ (कर्नलने ही जागा मॅप करू नये, अशी खूण) लावलंय का? नसेल, तर कर्नल ती आपल्या नेहमीच्या मॅपिंगमध्ये घेतो. मग कोडने हात लावला नाही तरी प्रोसेसर अंदाजाने पुढचं वाचताना तिला स्पर्श करू शकतो. डिव्हाइस ट्रीतल्या त्याच नोंदीवर (नोडवर) ‘नो-मॅप’ आणि ‘रीयुजेबल’ (रिकामी असताना कर्नलने जागा वापरावी, अशी खूण) दोन्ही असतील तर ते चूकच, स्पेसिफिकेशन तशी जोडी चालू देत नाही. आणि राखायची जागा राखलीच नाही, तर बोर्ड बूट होतं, लॉगिनही होतं. नंतर मेमरी भरत जाते, त्या जागेतलं मेमरीचं पान (छोटा तुकडा) दुसऱ्याच कुणाला दिलं जातं आणि सिस्टम भलत्याच ड्रायव्हरमध्ये कोसळते. दोष तिथे नसतोच. म्हणूनच या भागात बारकाईने वाचणाऱ्याला किंमत आहे.

पॅचवर आपल्या नावाने द्यायचा ‘रिव्ह्यूड-बाय’ टॅग मात्र जपून दे. तू बदल तांत्रिकदृष्ट्या तपासलास, तुझ्या शंका मांडल्यास आणि उत्तरांनी तुझं समाधान झालं, असा त्याचा अर्थ. बदल चालेलच ही हमी त्यात नसते, आणि चालवून बघितल्याचं सांगायला ‘टेस्टेड-बाय’ वेगळा आहे. न समजलेल्या भागावर तुझं नाव चढलं तर पुढे मेंटेनर (त्या भागाचे पॅच स्वीकारणारे) तुझ्या नावाकडे बघायचे बंद होतील. त्यापेक्षा साधा प्रश्न विचार : ‘हा आकार हार्डवेअरच्या मॅन्युअलमध्ये कुठे दिलाय?’ असा प्रश्न पुष्कळदा अख्ख्या रिव्ह्यूपेक्षा वजनदार ठरतो.

हातात बोर्ड नसेल तर क्यूएमूवर (संगणकातच आभासी बोर्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सुरुवात कर. रॅम कमी-जास्त करून बूट कर, बूटच्या ओळीत ‘मेमब्लॉक=डीबग’ टाकून मेमरीच्या वाटपाचा लॉग वाच, पत्त्यांची यादी दाखवणाऱ्या ‘आयओमेम’ फाईलशी ताडून बघ. ही फाईल रूट होऊन उघड, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात आणि नवखा माणूस तासभर त्यातच घालवतो.

एक मात्र मला खटकलं : स्वतः काही पाठवलेलं नाहीस. एखादी चुकीची टिप्पणी सुधारणारा का होईना, एक पॅच पाठव आणि त्यावर चार जणांचं ऐकून घे. आपला बदल तीनदा परत आला, की दुसऱ्याला उत्तर लिहितानाची भाषा आपोआप बदलते. रेझ्युमेवर ‘कर्नलची आवड’ असं मोघम लिहू नकोस. स्वीकारलेला तो एक पॅच आणि तू पकडलेल्या दोन चुका लिही. मुलाखत घेणारा त्यावरच बोलायला लागेल, आणि तिथे तुला उत्तरं पाठ करावी लागणार नाहीत.