एम.एस्सी., बी.एड. झालेली मुलगी सिस्टर झाली, तर तिचं शिक्षण वाया जातं का?

तुमची भाची एम.एस्सी., बी.एड. आहे, तिला सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी व्हायचंय आणि घरात सगळ्यांना वाटतंय की एवढं शिकून पोरगी मठात बसणार. तुमची काळजी समजते. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घर लेवा पाटलांचं, ख्रिस्ती धर्माशी नातं काही नाही. पण शिकवायचं कसं हे मला एका सिस्टरांनीच शिकवलं, म्हणून सांगते. शिक्षण वाया जाणार नाही. मात्र ते कुठे आणि कोणासाठी वापरायचं हे ती एकटी ठरवणार नाही. मनाची तयारी करायची ती याची.

आमच्या सिस्टर मूळच्या वसईच्या. मराठी घरचीच, तरी इथे आल्यावर त्या मुद्दाम इथली खानदेशी बोली, अहिराणी शिकल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा झाला की संध्याकाळी वस्तीवर जाऊन विचारायच्या, "पोरं शाळामा काब्र उनात नई?" (पोरं शाळेत का आली नाहीत?) आईबापांना त्यांचा राग यायचा नाही, उलट लाज वाटायची. नववी-दहावीला विज्ञान त्याच शिकवायच्या. मुख्याध्यापिका होत्या, शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, पट, शालार्थची पगारबिलं सगळं बघायच्या, पण स्वतःचे तास त्यांनी कधी सोडले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात प्रोव्हिन्शियलचं, म्हणजे त्यांच्या काँग्रिगेशनच्या (सिस्टरांच्या संघाच्या) प्रांतप्रमुखांचं पत्र आलं आणि बदली झाली नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे. पालक थांबवून घ्यायला गेले. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात. बाहेरच्यांचं लक्ष मधल्या व्रताकडे जातं, पण रोजचं जगणं खरं बदलतं ते तिसऱ्यामुळे. तिथे त्या मुख्याध्यापिकाही नव्हत्या. मुलींचं वसतिगृह आणि गावांतलं काम, तेही वयाने लहान असलेल्या एका सिस्टरांच्या हाताखाली. अहिराणीचा तिथे फारसा उपयोग नव्हता, सगळीकडे पावरी आणि भिलोरी या आदिवासी बोली. पन्नाशी ओलांडलेली बाई वसतिगृहातल्या मुलींकडून पुन्हा भाषा शिकायला बसली.

मी सुट्टीत भेटायला गेले होते, तेव्हा पाहिलेलं सांगते. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो दोष पुढे देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. लोकांचा समज असा होतो की एक मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली. सिस्टरांनी अंगणात दोन वाट्या ठेवल्या, प्रत्येकीत मक्याचा एक पिवळा आणि एक पांढरा दाणा. एक वाटी आईची, एक बापाची. मुलींनी डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा, बघायचा, परत ठेवायचा. दोन्ही पांढरे आले तर बाळ आजारी. कधी पांढरी जोडी लागोपाठ दोनदा यायची, कधी कितीतरी वेळ यायचीच नाही. वाट्या दर वेळी पहिल्यासारख्याच भरलेल्या असतात, हे त्या पोरींना कोणी न सांगता कळलं. मग लग्नाआधी रक्ताची तपासणी का करायची, हे त्यांनीच आपल्या भाषेत आयांना सांगितलं. दहावीच्या फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढणाऱ्या बाईच त्या, विषयही तोच. माझ्या सगळ्या नोकरीत इतका नेमका विज्ञानाचा तास मी पाहिलेला नाही.

त्यानंतर त्यांनी बचत गट पाहिले, जातीच्या दाखल्यांसाठी तहसीलला खेटे घातले, पुढे काही काळ काँग्रिगेशनचे हिशोब सांभाळले.

या पद्धतीतलं मला न पटणारंही सांगायला हवं. त्या धडगावहून निघाल्या आणि त्यांनी उभे केलेले काही गट विस्कळीत झाले. माणसाला भाषा यायला, गावाचा विश्वास बसायला वर्षं लागतात, आणि नेमकं तेव्हा पत्र येतं. माणूस एका जागी, एका खुर्चीला चिकटू नये हा त्यामागचा विचार मला कळतो. पण किंमत गाव मोजतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेतून वस्तीकडे जाणाऱ्या सिस्टर पुष्कळ आहेत. केरळच्या सिस्टर राणी मारिया आधी उत्तर प्रदेशात बिजनौरला शाळेत शिकवायच्या. 1992 साली त्या मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या आणि आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायच्या कामाला लागल्या. त्यापायीच 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून जाताना त्यांचा खून झाला. 2017 मध्ये इंदूरला चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी.

आता पैशांचं. अनुदानित शाळेत नोकरी असेल, तर पगार तिच्या नावावर निघतो, पण तो जातो काँग्रिगेशनकडे, पुढे पेन्शनही. तरीही प्राप्तिकर कापला जातोच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आजारपण आणि म्हातारपण काँग्रिगेशन बघतं, मात्र घरी पैसे पाठवता येतील हे गृहीत धरू नका.

आणि हे सगळं एका दिवसात होत नाही. आधी उमेदवारीचा काळ, मग किमान एक वर्षाची नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं प्रशिक्षण, मग तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षांची. ती मुदत संपली की तिला मोकळेपणाने घरी परतता येतं. कायमची व्रतं त्यानंतर.

सगळ्या काँग्रिगेशन एकाच कामाच्या नसतात. कोणी शाळा चालवतात, कोणी दवाखाने, कोणी निराधारांची घरं, आणि काही मठांत फक्त प्रार्थनेचं जीवन असतं. भाचीला शिकवायचंच असेल, तर तिने शाळा आणि खेड्यातलं काम दोन्ही असलेली काँग्रिगेशन शोधावी. सुट्टीत तिथे जाऊन राहावं, तेही शहरातल्या मोठ्या शाळेत न राहता एखाद्या आतल्या गावच्या केंद्रावर. तिथल्या वयस्क सिस्टरांना तिने विचारावं, तुमच्या बदल्या कुठे कुठे झाल्या आणि कोणती जड गेली. त्या मोकळेपणाने सांगतात.