पिकाच्या सावलीने जमिनीत जाणारी उष्णता खरंच कमी होते का?

हो, बरीच. दाट हिरवळीखाली दिवसा निव्वळ ऊर्जेतली (आलेल्या ऊर्जेतून परत गेलेली वजा करून उरते ती) साधारण १० टक्केच जमिनीत उतरते. उघड्या जमिनीत याच्या काही पट. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काड्या आखूड कापतात ती) द्राक्षाचा मांडव बोडका असतो, तेव्हा दुपारी ओळींमधल्या मातीवर हात टेकवत नाही. पानं भरली की तीच माती कोमट लागते. पानं ऊन अडवतात आणि पाण्याची वाफ करून उडवण्यात ते खर्ची घालतात.

पण निफाडकडच्या थंडीत हाच फायदा अंगाशी येतो. ओळींतलं गवत, पाचट दिवसाची ऊब आत जाऊ देत नाही, मग पहाटे माती वेलीला काय देणार? तेव्हा उघडी, ओलसर, दबलेली जमीन बरी. नुसती भुसभुशीत कोरडी नको, तिच्यातली हवा उष्णता अडवते.