एकच टेबल, पण तिकिटं किती?

एका टेबलाचं सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या पोकर स्पर्धेचं तिकीट मिळवून देणारी छोटी ऑनलाइन स्पर्धा. तिच्याबद्दल तोच घोळ पुन्हा पुन्हा पत्रांतून येतोय: टेबलावर तिकिटं किती, हे न बघताच सल्ला मागायचा.

पुण्यातून व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळलं तर चालेल का?

नाही. २०२५ च्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की नशीब हा वाद त्यात उरलाच नाही. शिवाय ठिकाण लपवल्याचं कळलं की साइट खातं गोठवते, मग दाद कुठे मागणार? शंका असेल तर वकिलाला विचारा, भाच्याला नको. पुढची उत्तरं, जिथे परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठी.

सुरुवातीला किती हात (वाटून आलेली पानं) खेळावेत?

थोडे. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स, लहान असताना चोरण्यासारखं काही नसतं.

तिघे उरले की फोल्ड करत, म्हणजे पानं टाकत बसायचं, असं सगळे सांगतात. मी तेच करतो, तरी दुसऱ्या क्रमांकावर येऊन रिकाम्या हाताने उठतो. (लंडन)

'सगळे' म्हणजे कोण? आणि टेबलावर तिकिटं किती होती? हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुणीच लिहीत नाही!

समजा नऊ जण, प्रत्येकी १५०० चिप्स, दोन तिकिटं, प्रत्येक २०० डॉलरचं. तिघे उरलेत, प्रत्येकाकडे ४५००. ४०० डॉलरमधला तुमचा वाटा साधारण १३३. समोरचा ऑल-इन गेला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या. कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलात तर २००, हरलात तर शून्य. म्हणजे, ब्लाइंड बाजूला ठेवले तर, तीनांत दोनदा जिंकणारा हात हवा. समोरचा पानं न बघता ऑल-इन जात असला, तरी वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा जिंकतात सुमारे ६५ टक्के वेळा. फोल्ड. अठ्ठ्यांची जोडी ६९ टक्के, ती जेमतेम चालते. इथे 'सगळे' बरोबर आहेत.

तिकीट एकच असेल तर दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट संधी. निम्म्याहून जास्त वेळा जिंकणारा हात पुरतो; तेच एक्का-राजा बिनधास्त कॉल करा. दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळणार नसताना तुम्ही चिप्स जपत बसता, ब्लाइंड त्या कुरतडतात, आणि शेवटच्या दोघांत पोहोचता ते मूठभर चिप्स घेऊन. दुसऱ्याला थोडी रोख मिळत असेल तर हिशेब या दोन्हींच्या मधला. तो आयसीएम कॅल्क्युलेटरवर (चिप्सची पैशांतली किंमत काढणाऱ्या) करा, नाहीतर आपले डाव प्रशिक्षकाला दाखवा. पत्रावरून मी सांगणार नाही.

१९९ डॉलरचा 'पक्का सॅटेलाइट फॉर्म्युला' घ्यावा का? क्रिस मनीमेकरही असाच जिंकला म्हणे. (न्यू जर्सी)

मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटपासून सुरुवात करून २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकला, हे खरं. त्याचा या दुकानाशी संबंध काय? तुम्ही पाठवलेली जाहिरात वाचली. टेबलावर तिकिटं किती, याचा तीत उल्लेखसुद्धा नाही. घेऊ नका.

रोख नाही, फक्त तिकीट मिळालं. तरी अमेरिकेत कर?

लागू शकतो. सीपीएला, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाला विचारा, १४ एप्रिलच्या रात्री नव्हे, आत्ता.

चार महिने तोट्यात आहे. एक मोठं सॅटेलाइट मारलं की वसूल होईल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आज थांबा. चार महिने कशाची वाट पाहिलीत? ब्रिटनमध्ये असाल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. तिथल्या परवानाधारक साइट्स किमान सहा महिने तुम्हाला बंद होतात, मध्येच मन बदललं तरी उघडत नाहीत. अमेरिकेत असाल तर १-८००-गॅम्बलर हा क्रमांक लावा. समुपदेशक गाठा आणि घरी आजच सांगा. तिकिटांचं गणित तुमच्यासाठी नाही.